कापसाची जीन आणि जिनोआची जीन

प्रश्न असा आहे: विदर्भ-खानदेशात कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला ‘जीन’ म्हणतात. मग ‘जीन्स’ हा शब्द त्याच कापसाच्या जीनवरून आला का?

नाही. कापूस दोन्हीकडे असल्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे, पण या शब्दांची घराणी वेगळी आहेत. सरकी काढणाऱ्या यंत्राचं ‘जिन’ म्हणजे इंग्रजी ‘एंजिन’चं आखूड रूप. मराठीत आणखी एक ‘जीन’ आहे, तो फारसीतून आलेला, अर्थ खोगीर. खोगीर बनवणाऱ्या जीनगरांचं नाव त्यावरून पडलं.

जीन्समधला ‘जीन’ मात्र एका बंदराचं नाव आहे. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचं जिनोआ. इटालियनमध्ये जेनोव्हा, तिथल्या स्थानिक बोलीत झेना आणि फ्रेंचमध्ये झेन. व्हेनिसशी शतकानुशतकं हाडवैर असलेलं हे दर्यावर्दी प्रजासत्ताक. १२९८ च्या आरमारी लढाईनंतर मार्को पोलो इथेच कैदेत होता असं मानलं जातं, आणि त्याच्या प्रवासाची हकिकत त्याने तुरुंगातल्या सोबत्याला सांगितली ती याच शहरात. कोलंबसही इथलाच, आणि बाप लोकर विणणारा. म्हणजे जहाजं आणि कापड या दोन्ही गोष्टी शहराच्या अंगातच होत्या.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून कापूस यायचा. लिननचा (जवसाच्या तंतूंचा) ताणा म्हणजे उभे धागे आणि कापसाचा बाणा म्हणजे आडवे धागे घालून विणलेलं ‘फस्टियन’ नावाचं जाड, टिकाऊ कापड इथून युरोपभर जायचं. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये त्याला ‘जीन फस्टियन’ म्हणू लागले, म्हणजे जिनोआचं फस्टियन. पुढे फस्टियन गळालं, नुसतं ‘जीन’ उरलं. लँकेशायरचे विणकर तसंच कापड घरी विणू लागले, तरी नाव बदललं नाही. माल गावाच्या नावाने ओळखला गेला की गाव विसरलं तरी चालतं.

जिनोआच्या धर्मप्रांतीय संग्रहालयात निळीने रंगवलेले लिननचे १४ मोठे पडदे आहेत. सोळाव्या शतकापासूनचे, आणि निळ्यावर पांढऱ्या रंगाने ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांचे प्रसंग काढलेले. ईस्टरआधीच्या आठवड्यात ते टांगले जात. त्यांना जीन्सचे पूर्वज म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही: कापड लिननचं आहे, जीन नव्हे. पण एरवी रेशीम आणि सोन्याची वेलबुट्टी मिरवणाऱ्या श्रीमंत शहरात देवाची गोष्ट सांगायला साधं निळं कापड घेतलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डेनिमचं नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून, ‘सर्ज द नीम’ म्हणजे नीमचं सर्ज कापड, यातून आलं, असं बहुतेक कोशकार मानतात. पूर्वी डेनिम आणि जीन ही वेगळी कापडं होती. डेनिममध्ये ताणा रंगीत आणि बाणा पांढरा; जीनमध्ये दोन्ही एकाच रंगाचे. १८७३ साली अमेरिकेत तांब्याच्या रिव्हेटांचं पेटंट घेतलेल्या विजारींना विकणारे ‘ओव्हरऑल्स’ म्हणत. ‘जीन्स’ हे नाव त्यांनी १९६० च्या सुमारास स्वीकारलं, आणि गंमत अशी की तोवर कापड डेनिमचं झालेलं होतं.

मराठीत कापडाच्या अर्थी ‘जीन’ हा शब्द जीन्सच्या आधीपासून आहे. जुनी माणसं ‘जीनची पँट’, ‘जीनचा कोट’ म्हणायची ते अगदी बरोबर होतं. विजारीसाठी ‘माझी जीन्स फाटली’ असं स्त्रीलिंगी एकवचनही मला बिनचूक वाटतं. ‘पँट’, ‘विजार’, ‘चड्डी’ यांच्या पंगतीत तो शब्द आपसूक बसला. इंग्रजीतल्या अनेकवचनाशी आपल्याला कर्तव्य नाही.

कापडाची ये-जा उलट दिशेनेही झाली. अठराव्या शतकात जिनोआच्या बायका ‘मेझ्झारो’ नावाची मोठी छापील सुती ओढणी डोक्यावरून घेत. तिच्यावरचं वेली-फुलांनी बहरलेलं झाड भारताच्या पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेल्या पलंगपोसांवरून उचललेलं आहे.

आणि ज्यांना कापडाच्या नावात आपलं गाव हवं आहे त्यांच्यासाठी ‘डंगरी’ आहे. मुंबईच्या डोंगरीत विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकात इंग्रजांच्या तोंडी ‘डंगरी’ झालं. मग त्या कापडाच्या कामकरी कपड्यांनाही तेच नाव पडलं. आज आपण लहान मुलांना घालतो ती छातीवर पट्टी आणि खांद्यावर पट्टे असलेली डंगरी तीच.