आधी उठायची वेळ पक्की कर

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. मोबाइलवर गेम खेळताना ‘शेवटची मॅच’ म्हणता म्हणता रात्रीचे अडीच वाजतात, असं तू लिहिलंस. त्यात निव्वळ आळस नाही. तुझ्या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, मुळातच उशिरा स्रवतं. वर स्क्रीनचा उजेड, आणि त्याहून वाईट म्हणजे गेलेली रँक परत मिळवायची चुरस. फोन ठेवला तरी डोकं बराच वेळ मॅचमध्येच अडकलेलं असतं.

म्हणून लवकर झोपायची शपथ घेऊ नकोस, ती मोडतेच. आधी उठायची वेळ धर. सध्या दहाला उठतोस ना? दर दोन-तीन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे घे, तीन-चार आठवड्यांत सातवर येशील. उठल्यावर अर्धा तास गच्चीवर किंवा अंगणात उजेडात थांब. रविवारी बारापर्यंत लोळलास, तर आठवड्याची मेहनत वाया. दुपारी वीस मिनिटांपेक्षा जास्त झोपू नकोस.

सतराव्या वर्षी आठ ते दहा तास झोप लागते. सातला उठायचं तर अकराला झोप लागलेली हवी, म्हणजे दहाला फोन बंद. बॅटल रॉयलची, म्हणजे शेवटी एकच टीम उरेपर्यंत चालणारी, मॅच पूर्ण खेळली तर अर्धा तास जातो. तेव्हा साडेनऊनंतर लॉबीत, म्हणजे मॅचआधी खेळाडू जमतात तिथे, शिरायचंच नाही. सोबत खेळणाऱ्या स्क्वॉडला हे संध्याकाळीच सांगून ठेव, कारण मॅच अर्ध्यावर सोडली की भांडणं होतात. घरच्यांनाही माझा निरोप दे: मध्येच वायफाय बंद करू नका, त्याने राग वाढतो, झोप येत नाही. चार्जर स्वयंपाकघरात ठेव आणि गजराला साधं घड्याळ आण. रात्री आठची कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक बंद. पाच तासांनीही जवळपास निम्मं कॅफीन अंगात असतं. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळलास, तर उठून मंद दिव्यात काहीतरी छापील वाच.

गेमचं व्यसन नुसत्या तासांवरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 पासून लागू झालेली व्याख्या तीन गोष्टी पाहते: खेळावर ताबा नसणं, बाकी सगळं मागे पडणं, आणि नुकसान दिसूनही खेळत राहणं, तेही साधारण 12 महिने. पण मदत मागायला वर्षभर थांबू नकोस. महिनाभर मनापासून करूनही जमलं नाही, किंवा कॉलेज बुडायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आजपासून वहीत रोज तीनच नोंदी कर: शेवटची मॅच किती वाजता संपली, झोप अंदाजे कधी लागली, उठलास कधी. पुढच्या रविवारी पानाचा फोटो पाठव, मग पुढचं ठरवू.

तुझा,
काका