बायोप्सीत कॅन्सर वाटला आणि निघालं इन्फेक्शन, असं खरंच होतं का?

हो, होतं, आणि त्यातलं फार फसवं उदाहरण म्हणजे क्रोमोब्लास्टोमायकोसिस, म्हणजे काटा-बिटा लागून मातीतली बुरशी पायाच्या कातडीत शिरते ते (कोविडच्या वेळची म्युकर ती ही नाही). मी पॅथॉलॉजीत आहे म्हणून कारण सांगते, बुरशी वर्षानुवर्षं आत राहिली की वरची कातडी जाड होत जाते आणि पेशींच्या वेड्यावाकड्या जिभा खाली खोलवर उतरतात, हे हुबेहूब स्क्वॅमस सेल कार्सिनोमासारखं (कातडीचा एक कॅन्सर) दिसतं, त्यात तुकडा छोटा आणि वरवरचा असेल तर फरक करणं फारच अवघड. त्वचेच्या टीबीत आणि लेशमॅनिया या परजीवीच्या त्वचारोगातही असं होऊ शकतं. बुरशी असेल तर त्या पेशींच्या आसपास पू आणि ग्रॅन्युलोमा (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशींचे पुंजके) दिसतात आणि नीट शोधलं की तपकिरी, गोल, मधे पडदा असलेल्या बुरशीच्या पेशी सापडतात, त्यांचा रंग मुळातलाच असल्याने स्पेशल स्टेनशिवायही (म्हणजे खास रंग न लावताही) दिसतात. शंका असेल तर डॉक्टरांना हे विचारा:

- बायोप्सी पुरेशी खोल होती का
- बुरशीचे आणि टीबीचे स्टेन केले का
- कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला) वेगळा तुकडा पाठवला का (फॉर्मलिनमध्ये टाकलेला चालत नाही, सलाईनमधला लागतो)

पण एक लक्षात घ्या, फार जुन्या क्रोमोच्या जखमेत क्वचित खरा कॅन्सरही होतो, म्हणून बुरशी सापडली तरी कॅन्सर नाहीच असं आपलं आपण ठरवू नका, स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) घेऊन त्वचेच्या पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्या, आणि ते याच आठवड्यात.