‘मग देवाला कोणी बनवलं?’ याने वाद संपत नाही

तुमचा प्रश्न असा की, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून विश्वालाही असलं पाहिजे आणि ते म्हणजे देव. पण मग देवाला कोणी बनवलं, असं विचारलं की हा युक्तिवाद कोसळतो ना?

मी स्वतः देव मानत नाही, तरी सांगतो, तेवढ्याने कोसळत नाही. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असं मुरलेले आस्तिक म्हणतच नाहीत. इस्लामी विचारवंत अल-गझालीचं (मृत्यू ११११) म्हणणं होतं की, ज्याला सुरुवात असते त्याला कारण असतं. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस तर, जगाला सुरुवात होती हे नुसत्या तर्काने सिद्ध होत नाही, असंच मानायचा. त्याची कारणांची साखळी भूतकाळात मागे जाणारी नाही, ती आत्ता, या क्षणी चालू असलेली आहे. दगड काठीने हलतो, काठी हाताने. हातच नसेल तर काठ्यांची रांग कितीही वाढवा, दगड हलणार नाही. तो पहिला हात म्हणजे देव.

मला मात्र आपल्याकडचं भांडण जास्त आवडतं. नैयायिकांचं, म्हणजे न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या पंडितांचं, अनुमान असं: पृथ्वी वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्य (म्हणजे निर्माण झालेल्या वस्तू) आहेत, घटाप्रमाणे, मडक्याप्रमाणे. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराची बाजू लढवली ती याच परंपरेतून. यांचा ईश्वर परमाणू घडवत नाही बरं का, ते नित्यच असतात. तो कुंभार, माती नव्हे; निमित्तकारण, म्हणजे असलेल्या सामग्रीतून घडवणारा. त्यामुळे ‘शून्यातून जग कसं आलं’ ही पंचाईत त्यांना नाहीच.

पण उदयनाचार्यांच्या कितीतरी आधी बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. मातीला आकार आला एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणायचं का? मडकी घडताना आपण पाहिलेली असतात. डोंगर घडवताना कोणाला पाहिलंय?

आणि कुमारिल भट्ट! मीमांसा दर्शनाचे पंडित, वेदांचे कट्टर कैवारी, पण जगाचा कर्ता मानायला तयार नाहीत. ते विचारतात, या कर्त्याला शरीर आहे का? नसेल तर जग करायची इच्छा कशी होईल? असेल तर ते शरीर कोणी केलं? तुमचाच प्रश्न, फक्त जास्त टोकदार.

यावर न्यायदर्शनाचं उत्तर ठरलेलं आहे. कर्ता व्हायला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न पुरतात, शरीर लागत नाही. इथे माझं घोडं अडतं. दाखला कुंभाराचा द्यायचा आणि त्याचे हातच काढून घ्यायचे, तर दाखल्यात उरलं काय?