आफ्रिकेतल्या इंटरनॅशनल शाळा म्हणजे दूतावासवाल्यांच्या मुलांची महागडी सोय, एवढंच का?

बऱ्याचशा तशाच असतात. पण मी पाहिलेली एक शाळा अगदी वेगळ्या कारणासाठी निघाली होती, तिच्याबद्दल सांगतो.

साखर कारखान्याच्या नोकरीत मी तीन वर्षं स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आताच्या इस्वातिनीत, बिग बेंडला होतो. एका जानेवारीत सहकाऱ्याच्या मुलीला वसतिगृहात सोडायला त्याच्यासोबत राजधानी मबाबानेला गेलो. मलाग्वानेचा चढ चढताना खंबाटकी आठवला. वर धुकं इतकं, की शाळेचं फाटक अगदी नाकाशी आल्यावर दिसलं. पोरीची पत्र्याची ट्रंक आम्ही दोघांनी धरून पायऱ्यांवरून नेली. खोलीच्या दारावर चार नावं लिहिली होती, चारही वेगळ्या देशांतली. बाप नावं वाचत उभा राहिला, पोरगी केव्हाच आत पळाली होती.

ही शाळा म्हणजे वॉटरफर्ड कामह्लाबा. 1963 साली मायकेल स्टर्न या इंग्रज शिक्षकाने काढली. त्याआधी तो शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गमध्ये मुख्याध्यापक होता. तिथे 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना जाणूनबुजून दुय्यम शिक्षण ठरवून दिलं होतं. वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेते ऑलिव्हर टांबो जिथे शिकले आणि पुढे शिकवायलाही होते, ती सेंट पीटर्स शाळा त्याच कायद्यापायी बंद पडली. गोरी, काळी आणि भारतीय वंशाची मुलं एका वर्गात बसवायची तर देशाबाहेरच जायला हवं होतं. स्वाझीलँडवर तेव्हा ब्रिटिशांचा अंमल होता, वर्णभेदाचे कायदे तिथे चालत नव्हते, आणि मबाबानेहून दक्षिण आफ्रिकेची सीमा जेमतेम अर्ध्या तासावर. टेकडीवर जागा घेतली आणि 16 मुलग्यांवर शाळा सुरू झाली. इमारतींचे आराखडे लोरेन्सो मार्क्सच्या (आताचं मापुतो, मोझांबिकची राजधानी) पांचो गेदेस या वास्तुविशारदाने केले. सुरुवातीच्या मुलांनी अभ्यासाबरोबर कुदळ-फावडंही चालवलं. आपल्याकडे गल्लीतल्या शाळेच्या पाटीवरही ‘इंटरनॅशनल’ असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

1967 मध्ये राजे सोभुझा द्वितीय शाळेत आले आणि त्यांनी ‘कामह्लाबा’ हे नाव दिलं. ‘म्ह्लाबा’ म्हणजे भूमी, जग. आपण सगळे एकाच भूमीचे, असा त्याचा भाव. मंडेला रॉबेन बेटावर कैदेत असताना त्यांच्या मुली झेनानी आणि झिंझी इथे शिकल्या. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातल्याच सिसुलू आणि टुटू यांच्या घरची मुलंही इथलीच, आणि पुढे बोट्सवानाचे राष्ट्राध्यक्ष झालेले इयन खामाही.

1981 मध्ये शाळा युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस या संस्थेत, म्हणजे देशोदेशींच्या कॉलेजांच्या जाळ्यात, सामील झाली, त्यांची चौथी. वर्णभेद गेल्यावर मूळ कारणच उरलं नाही, तरी शाळा टिकली, ती मला वाटतं या जाळ्यामुळे. या संस्थेची बहुतेक कॉलेजं शेवटच्या दोन वर्षांपुरती असतात. इथे मात्र त्याखालचे वर्गही आहेत, म्हणून तर आमची ती पोरगी इतक्या लहान वयात तिथे गेली.

‘महागडी’ म्हणाल तर फी खरंच जबर आहे. पण शेवटच्या दोन वर्षांसाठी बरीच मुलं आपापल्या देशाच्या निवड समितीतून येतात आणि ऐपत पाहून शिष्यवृत्ती मिळते. याच संस्थेचं एक कॉलेज 1997 पासून आपल्या मुळशीत, पौडजवळ आहे. पुण्याचे असाल तर आधी तिथेच चौकशी करा.