रस्त्याकडेची लॉन काढून रानफुलं लावताय? आधी एवढं बघा

उत्साह छान आहे, पण पुण्यात पहिल्याच वर्षी अख्खा रस्ता घेऊ नका. उद्यान विभागाची परवानगी काढून छोटासा पट्टा पुरे.

- लॉन मुळासकट काढा. शेणखत घालायचा मोह आवरा. त्यावर गाजरगवतच माजतं. ते फुलण्याआधी हातमोजे घालून उपटा.
- ‘रानफुलांच्या’ पाकिटात बऱ्याचदा कॉसमॉस निघतो. तो मूळचा मेक्सिकोचा, आपल्या टेकड्यांवर आधीच पसरलाय! त्यापेक्षा तेरडा, कवळा अशा इथल्या रानफुलांचं बी शोधा. तेरड्याची फुगलेली बोंडं हात लागताच फुटतात, म्हणून खाली कागदी पिशवी धरा. साताऱ्याजवळच्या संरक्षित कास पठारावरून बी मात्र आणायचं नाही.
- बी वाळूत मिसळून पावसाच्या तोंडावर फेका.

आणि माळीकाकांना आत्ताच सांगून ठेवा, दिवाळीपर्यंत कापणी बंद.