दांडगे नरच जिंकत असतील, तर लपूनछपून वागणारे नर उत्क्रांतीत टिकतात कसे?

लबाडीही खपते, फक्त ती थोड्यांनीच केली तर. रफ हा पाणथळीतला पक्षी घ्या. उत्तर युरोप-सायबेरियात विणीच्या हंगामात बहुतेक नर मानेभोवती गडद झालर फुलवून वीतभर जागेसाठी भांडतात. पांढऱ्या झालरीचे काही नर त्या भानगडीत पडतच नाहीत. मालकाशेजारी उभे राहून संधी साधतात. आणि शंभरात जेमतेम एक नर बिनझालरीचा, हुबेहूब मादीसारखा! कुणाला संशय येण्याआधी काम उरकतो. अंगाने लहान, पण वृषणं भांडखोर नरापेक्षा मोठी.

हे शिकलेलं वागणं नाही. सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसला. त्यातली शंभरावर जनुकं तेव्हापासून गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात, म्हणून रूप, हार्मोन्स आणि स्वभाव एकत्र येतात. आईबाप दोघांकडूनही उलटा तुकडा आला, तर मात्र पिल्लू जगत नाही, म्हणून असे लबाड नर थोडेच राहतात. शिवाय भांडणारेच नसतील, तर घुसायचं कुणाच्या जागेत?

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या काठी रफ दिसतात. झालर तेव्हा गळालेली असते, त्यामुळे कोण कोणता ते ओळखायच्या फंदात पडू नका.