कराचा दर आणि कराची तारीख

आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांत कराच्या दराविषयी तक्रार असते. परंतु पत्र नीट वाचले, की कर कोणत्या तारखेला आणि कोणाच्या खिशातून आधी जातो हाच खरा सल असल्याचे लक्षात येते. या वेळी त्या प्रकारची तीन पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझा पत्र्याचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना असून ‘उद्यम’ ही सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी झालेली आहे. मोठ्या गिऱ्हाइकाकडून बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, जीएसटी मात्र पुढच्याच महिन्यात भरावा लागतो. पंचेचाळीस दिवसांच्या नियमावर बोट ठेवून पैसे मागितले तर गिऱ्हाईक तुटेल का?

उत्तर : आधी आकडे मांडू. समजा, आपण ५ जुलै रोजी १० लाख रुपयांचे बिल केले. त्यावर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार रुपये जीएसटी झाला. त्यासाठी ६ लाखांचा पत्रा घेतला असेल तर त्यावरचे १ लाख ८ हजार रुपये क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेला कर म्हणून वजा होतात आणि उरलेले ७२ हजार रुपये २० ऑगस्टपर्यंत भरावे लागतात, कारण मालाच्या विक्रीत कराची जबाबदारी बिलापासून सुरू होते, पैसे हाती येण्यापासून नाही. गिऱ्हाइकाचे पैसे ऑक्टोबरमध्ये येणार. तोवर ही रक्कम आपल्या खेळत्या भांडवलातून, बहुधा बँकेला व्याज देऊन, गुंतून पडते. आणि त्याच बिलावरचे पूर्ण १ लाख ८० हजारांचे क्रेडिट गिऱ्हाइकाने आपल्या विवरणपत्रात आधीच घेतलेले असते. जीएसटी अखेर ग्राहकावर पडतो हे खरे, पण वाटेत तो कोणी किती दिवस डोक्यावर वाहायचा, हे सौद्यात कोणाचे पारडे जड आहे त्यावर ठरते.

उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही विवरणपत्राची सोय घ्यावी. पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या वेळी पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. परंतु मागच्या तिमाहीत रोखीने भरलेल्या कराच्या ३५ टक्के भरण्याचीही मुभा असल्याने, मोठी बिले तिमाहीच्या आरंभी होत असतील तर थोडी उसंत मिळते.

आता पंचेचाळीस दिवसांचा नियम. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात नव्वद दिवस लिहून घेतले तरी कायद्यापुढे ते टिकत नाहीत. हा कायदा बरीच वर्षे कागदावरच होता. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराची जोड दिली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटून दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळू लागली. मात्र ही जोड वर्षभर उपयोगी पडत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. जुलैचे बिल ऑक्टोबरमध्ये चुकते झाले तर विलंब होऊनही आर्थिक वर्ष तेच राहते, त्यामुळे गिऱ्हाइकाचे प्राप्तिकरात काहीच बिघडत नाही. फेब्रुवारीचे बिल मे महिन्यात दिले, तर मात्र ती रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही आणि तेवढा नफा फुगून त्यावर कर बसतो. म्हणून वर्षभर वाद घालत बसण्याऐवजी आपण जानेवारीपासूनच्या बिलांची यादी उद्यम प्रमाणपत्राच्या प्रतीसह त्यांच्या हिशेब विभागाकडे पाठवावी. खरेदी विभागाकडे पाठवून उपयोग नाही. १५ मार्चच्या आगाऊ कराची चिंता हिशेब विभागालाच असते.

रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागण्याचा आणि थकलेल्या बिलांचे तंटे सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागण्याचा हक्कही आपल्याला आहे, पण गिऱ्हाईक सोडण्याची तयारी झाल्याशिवाय सहसा कोणी ती पायरी चढत नाही. त्याआधी ‘ट्रेड्स’ या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचाची विचारणा करावी. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी बंधनकारक आहे आणि गिऱ्हाइकाने तेथे मान्य केलेले बिल बँका किंवा वित्तसंस्था व्याज कापून लवकर वटवतात.

गिऱ्हाईक तुटेल का, याचे प्रामाणिक उत्तर ‘तुटू शकते’ असेच आहे. हा नियम सूक्ष्म व लघु उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांपुरता आहे. मध्यम उद्योग आणि व्यापारी त्यात येत नाहीत. तोच भाग एखाद्या मध्यम उद्योगाकडून घेतला की खरेदीदार या कटकटीतून मोकळा होतो. लहानांसाठी केलेल्या नियमाने लहानांकडून माल घेणेच जड व्हावे, हा त्यातला दोष आहे. म्हणूनच आपला भाग दुसरीकडे किती सहज मिळतो, याचा अंदाज घेऊनच पत्राची भाषा ठरवावी.

प्रश्न : मी कोथरूडला घरीच चिवडा, चकली आणि बाकरवडी करून पाकिटे विकते. वर्षाची विक्री सुमारे ३० लाख आहे. सदाशिव पेठेतील माझ्या नावावरच्या दुकानाचे ३ लाख रुपये भाडेही येते. चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, असे सगळे म्हणतात. दिवाळीत बंगळूरहूनही मागणी येते. काय करावे?

उत्तर : चाळीस लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे, आणि आपण भाडे घेता. दुकान भाड्याने देणे ही जीएसटीच्या दृष्टीने सेवा असल्यामुळे आपल्याला मालापुरती ही मर्यादा मिळत नाही. २० लाखांची लागू होते आणि तीत विक्री व भाडे दोन्ही मोजतात. भाड्याऐवजी मुदत ठेवीचे व्याज असते तर हा प्रश्न उद्भवला नसता. आपली बेरीज ३३ लाख होते, तेव्हा नोंदणी आधीच व्हायला हवी होती. ती आता विनाविलंब करावी. शिवाय दुसऱ्या राज्यात माल विकणाऱ्याला, हस्तकलेसारखे अपवाद सोडले तर, उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागतेच.

खरा विचार करायचा आहे तो लहान व्यावसायिकांना ठोक दराने कर भरू देणाऱ्या कंपोझिशन योजनेचा. उलाढालीच्या १ टक्का कर आणि कागदपत्र थोडे, म्हणून ती सोपी वाटते. पण तो कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, तेल, बेसन आणि पाकिटे यांवर दिलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही आणि परराज्यात माल पाठवता येत नाही. दुसरीकडे, पाकीटबंद नमकीनवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे नेहमीची नोंदणी पूर्वीइतकी जाचक राहिलेली नाही. त्या नोंदणीत दुकानाच्या भाड्यावर मात्र १८ टक्के आकारावे लागतील. बंगळूरची मागणी दिवाळीच्या पंधरवड्यापुरती असेल तर मी ती सोडून कंपोझिशन घेईन. वर्षभर वाढत असेल तर नाही.

निम्मी विक्री यजमानांच्या नावावर दाखवा, असा सल्लाही आपल्याला मिळेल. एकच स्वयंपाकघर आणि ऑर्डर घेणारा एकच मोबाइल असताना तो मानू नये.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो. नवीन करप्रणालीत २०२५-२६ चे माझे उत्पन्न प्रमाणित वजावटीनंतर साडेनऊ लाख आहे, शिवाय शेअर विकून १ लाख नफा झाला. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, मग मला २०,८०० रुपये कर कसा?

उत्तर : बारा लाखांपर्यंत मिळते ती करातली सूट आहे आणि ती फक्त टप्प्यांनुसार लागणाऱ्या करापुरती आहे. साडेनऊ लाखांवरचा आपला ३५ हजारांचा कर तिने पूर्ण माफ झाला. शेअरच्या अल्पकालीन नफ्याला वेगळा, २० टक्के दर असल्याने ती सूट तेथवर पोचत नाही. २० हजार कर आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून २०,८०० झाले. पत्रासोबतच्या तपशिलावरून आपण हे शेअर अकरा महिन्यांनी विकलेले दिसतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे शेअर बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यावर दीर्घकालीन ठरतात आणि तशा नफ्यातले वर्षाला पहिले सव्वा लाख रुपये करमुक्त आहेत.